मुकादमापुढचा स्वल्पविराम

"हे वाचून सांगा, बाबू."

कवडूनं घामानं मऊ पडलेला कागद माझ्या टाइपरायटरवर ठेवला आणि तो समोरच्या बाकावर बसला. एप्रिलचा महिना होता, साल शहाऐंशी. धानोलीच्या कोर्टाच्या आवारात टिनाच्या शेडखाली आम्ही चौघंजण मशीन घेऊन बसायचो. अर्ज, प्रतिज्ञापत्रं टाइप करायची, मराठी जबाबांचं इंग्रजी करून द्यायचं, असं आमचं काम. चौघांत इंग्रजी माझं बरं होतं, हे वकीलही मान्य करत. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो आणि आपलं इंग्रजी बरं आहे हे मला जरा जास्तच ठाऊक होतं.

कवडूला मी नावानं ओळखत होतो. ट्रक चालवायचा. महिन्याभरापूर्वी त्याच्या मेव्हण्याला, मारोती ठेंगणेला, चुनखडीच्या खाणीवर दिवसाढवळ्या सब्बलीनं, म्हणजे लोखंडी पहारीनं, मारलं होतं. मारोती ड्रिलवर कामाला होता. भोंगा न देता सुरुंग उडवतात म्हणून त्यानं तहसीलीत तक्रार दिली. आठव्या दिवशी खाणीच्या काठावर त्याला गाठलं. आधी गुडघे फोडले, मग डोकं. डबा घेऊन आलेली त्याची बायको, कवडूची बहीण कौसाबाई, मधे पडली, तर तिच्याही डोक्यात घातली. दवाखान्यात नेताना ती बोलत होती. हवालदारानं तिचा जबाब घेतला. त्याच संध्याकाळी तिची शुद्ध गेली. नागपूरला ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण बोलणं गेलं.

"कशाचा कागद आहे?" मी विचारलं.

"मारोतीले मारनारे नथ्थू आन् बाळ्या सुटले जमानतीवर. वरच्या कोर्टाचा हुकूम हाय. वकील मनते, कोर्टानंच सोडलं, आता काई होत नाई. मले समजून घ्यायचं हाय, काहून सोडलं."

मी हुकूम वाचला. दुसऱ्या पानावर अवतरणात एक वाक्य होतं, आणि ते पाहताच माझी छाती फुगली. कौसाबाईच्या जबाबाचं भाषांतर माझं होतं. आरोपींचे वकील देशकर यांनी ते माझ्याकडून करून घेतलं होतं. माझं वाक्य वरच्या कोर्टाच्या हुकुमात जसंच्या तसं छापून आलं होतं.

"कोर्ट म्हणतंय, जबाबात तिघांची नावं आहेत," मी सांगितलं. "पोलिसांनी पकडले दोघं. पहिलं नाव ज्याचं आहे त्याला हातच लावला नाही. मग जीव घेणारा घाव कोणाचा, हे या दोघांवर कसं ढकलायचं? म्हणून सोडलं."

"तिघं?"

"तिघं."

"तिसरा कोन?"

"मुकादम."

कवडू कागदाकडे बघू लागला. त्याचे हात गुडघ्यांवर होते. स्टिअरिंग धरून धरून बोटं जाड झालेली. मग त्यानं विचारलं, "कुठं लिवलं हाय? दाखवा मले."

मी पेन्सिल घेतली. त्याला इंग्रजी येत नव्हतं, अक्षरं ओळखता यायची. मी एकेका शब्दाखाली पेन्सिल नेली. "द मुकादम, नथ्थू अँड बाळ्या. हे बघा, मुकादम या शब्दापुढं ही खूण आहे ना, शेपटीची? हा स्वल्पविराम. इंग्रजीत याला फार महत्त्व आहे. याच्यामुळं मुकादम वेगळा, नथ्थू वेगळा, बाळ्या वेगळा. हा नसता तर मुकादम नथ्थू हा एकच माणूस झाला असता. मग दोघंच उरले असते."

"येवढ्याशा खुणेनं?"

"एवढ्याशा खुणेनं."

त्यानं त्या खुणेवर अंगठ्याचं नख ठेवलं. कागदाला वळ पडला. मग कागदाची घडी करून खिशात ठेवली.

"दौलत मुकादम," तो स्वतःशीच म्हणाला. "आमच्या गावचा मानूस. मारोतीच्या मयतीले खांदा देल्ला त्यानं."

खाणीवर मुकादम कोण आहे हे मला तोवर माहीत नव्हतं. मी खाण पाहिलीही नव्हती.

संध्याकाळी बसस्टँडवरच्या हॉटेलात भगाडे हवालदार भेटले. कौसाबाईचा जबाब त्यांच्या हातचा. मी चहा सांगितला आणि हुकुमात माझं वाक्य आल्याचं त्यांना ऐकवलं. भगाडेंनी कप खाली ठेवला.

"तिघं? आसुटकर, तिघं कुठून आणलेस तू?"

"तुम्हीच लिहिलंय. माझे पतीस मुकादम नथ्थू व बाळ्या यांनी मारले."

"हो. मुकादम नथ्थू. आणि बाळ्या. दोघं. मी कुठं स्वल्पविराम दिला होता?"

"मुकादम तर दौलत नावाचा माणूस आहे ना?"

"दौलत पिंपळशेंडे? तो आत्ता आहे. दोन वर्षं झाली. त्याच्या आधी आठ वर्षं नथ्थू मुकादम होता. मजुरांना मारायचा म्हणून कंपनीनं काढला आणि मालाच्या गाड्यांवर ठेवला. पण बायाबापड्या अजून त्याला मुकादम नथ्थूच म्हणतात. बाई दवाखान्याच्या जीपमध्ये रक्तानं न्हालेली होती, ती जसं बोलली तसं मी लिहिलं." भगाडे माझ्याकडे बघत राहिले. "दौलत तर त्या दिवशी खाणीवर नव्हता. मुलीच्या सासरी बारशाला गेला होता. मीच चौकशी केली होती."

यादीत नावं आली की स्वल्पविराम द्यायचा, हे मी शाळेपासून घोकलं होतं. हाताच्या सवयीनं तो पडला होता. कोणाला विचारावं असं तेव्हा मनातही आलं नव्हतं.

"उद्या जाऊन दुरुस्तीचं प्रतिज्ञापत्र कर," भगाडे म्हणाले. "सरकारी वकिलाला दे. जमानत रद्द होईल. दोघं परत आत जातील."

मंगळवारी सकाळी मी सरकारी वकिलाकडे जायच्या आधी देशकर वकिलांकडे गेलो. का गेलो, तर त्यांचं काम होतं, त्यांना न सांगता करणं बरं दिसणार नाही, असं वाटलं. देशकर अंगणात दाढी करत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. गालावरचा फेस पुसला.

"नरहरी, तुझं इंग्रजी चांगलं आहे."

"साहेब, पण चूक झाली."

"चूक कोणी काढली? सरकारी वकिलानं काढली नाही. कोर्टानं काढली नाही. तू हवालदाराच्या चहाच्या गप्पांवरून काढतोस. बाईच्या मनात काय होतं ते तू पाहिलंस का? मुकादम म्हणजे आजचा मुकादम, असा साधा अर्थ कोणीही करील."

"दौलत त्या दिवशी इथं नव्हता म्हणतात."

"मग तो सुटेल. निर्दोष माणसाला कसली भीती?" ते आरशात बघत म्हणाले, "प्रतिज्ञापत्र केलंस तर पहिला प्रश्न तुला विचारतील. चुकीचं भाषांतर कोणाच्या सांगण्यावरून केलं? त्याचं काय उत्तर देशील?"

मी घरी परतलो. सरकारी वकिलाचं घर वाटेतच होतं. दार उघडं होतं. मी पुढे गेलो.

दुपारी तीनच्या सुमारास माझ्या खोलीचं दार वाजलं. नथ्थू होता आणि त्याच्या मागं बाळ्या. नथ्थूला मी आरोपीच्या पिंजऱ्यात पाहिलं होतं. पन्नाशीचा, ठेंगणा, मानेला मांस चढलेला. बाळ्या उंच आणि पोरगेला, सतत नाकानं ओढणारा. नथ्थूनं चपला बाहेर काढल्या. आत येऊन खाटेवर बसला आणि पाणी मागितलं. मी दिलं.

"वकिलसाहेब मनत होते, तुमाले काई शंका आली," तो म्हणाला.

"नाही. तसं काही नाही."

"आली असंन तं सांगा."

त्यानं ग्लास खाली ठेवला, माझा उजवा हात मनगटाशी धरला आणि मला दारापाशी नेलं. मोठ्या भावानं नेल्यासारखं नेलं. काय होणार आहे ते मला कळलं नाही. त्यानं माझी बोटं चौकटीवर, बिजागरीच्या बाजूला ठेवली आणि बाळ्यानं दार ओढलं.

हाडाचा आवाज मी ऐकला. ओरडायला तोंड उघडलं तर नथ्थूनं आपल्या दुपट्ट्याचा बोळा तोंडात दाबला. बाळ्यानं दार जरा उघडलं आणि पुन्हा ओढलं. मी गुडघ्यांवर आलो. दोन बोटं मधूनच वळली होती, तर्जनी आणि मधलं. नखाखालून रक्त येऊन उंबऱ्यावर टपकत होतं.

"मारोतीचं बी असंच होतं," नथ्थू वाकून माझ्या कानाशी म्हणाला. "लिवायची लय हौस. तुमी सायबांनी एक डाव लिवलं ते चांगलं लिवलं. आता पुन्हा लिवू नका."

त्यानं दुपट्टा काढून घेतला, झटकला आणि खांद्यावर टाकला. जाताना दार आपणहून लोटून घेतलं.

मी सरकारी दवाखान्यात जाऊन बोटं बांधून घेतली. डॉक्टरांना सांगितलं, दारात सापडली. ते खोटंही नव्हतं. बुधवारचा दिवस मी खाटेवर काढला. ठणका खांद्यापर्यंत चढत होता. मी मनाशी म्हणत होतो की दौलतला कोण काय करणार आहे, पोलीस चौकशी करतील, तो पुरावा देईल, सुटेल. देशकरांचे शब्द मी माझे म्हणून स्वतःला ऐकवत होतो.

गुरुवारी सकाळी अकराला मी शेडखाली जाऊन बसलो. टाइप करता येणार नव्हतं, पण खोलीत बसवत नव्हतं. रस्त्यावर ट्रक थांबला. कवडू उतरला आणि सरळ माझ्याकडे आला.

"बाबू, तुमचे उपकार हायेत," तो म्हणाला. "नागपूरले जाऊन आलो. कौसाबाईले भेटलो. तिले बोलता येत नाई, पन समजते सारं. मी विचारलं, बाई, मुकादम होता का मारनाऱ्यांत? तिनं मान हालवली. हो मनून. दोन डाव विचारलं. दोन्ही डाव मान हालवली. डोळ्याले पानी आलं तिच्या."

मी डाव्या हातानं मशीनवरची धूळ पुसू लागलो.

"तुमचा कागद खरा निंगाला," कवडू म्हणाला. "त्या दोघांवर केस तं हाय, याले तं कोनी हातच लावला नाई." मग त्याचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं. "हाताले काय झालं?"

"दारात सापडला."

"जपत जा."

तो वळला. ट्रकच्या केबिनचं दार त्यानं उघडलं तेव्हा सीटवर टॉमी दिसली. चाकं खोलायला ट्रकवाले ठेवतात ती हातभर लांब लोखंडी कांब. टॉमी सीटखाली असते, सीटवर नसते. शेजारी दुसरं काही नव्हतं, ना डबा, ना पाण्याची पिशवी. तो कुठं निघाला होता ते लहान मुलालाही कळलं असतं.

त्याच्यात आणि माझ्यात दहा पावलं होती. मला एवढंच म्हणायचं होतं, कवडूभाऊ, थांबा, ती खूण चुकून पडली. पाचसहा शब्द. मी तोंड उघडलं. समोरच्या पानठेल्यावर बाळ्या उभा होता. तो माझ्याकडे बघत होता की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. मी तोंड मिटलं.

ट्रक गेला. खाणीचा रस्ता जिथं फुटतो तिथं तो डावीकडे वळला. बाळ्यानंही मोटारसायकल सुरू केली आणि त्याच रस्त्याला लावली.

मी किती वेळ बसलो असेन? पाच मिनिटं, किंवा दहा. मग शेजारच्याची सायकल घेतली आणि निघालो.

खाण सात किलोमीटरवर होती. एका हातानं हँडल धरलं होतं. दोनदा पडलो. दुसऱ्यांदा दुखऱ्या हातावरच पडलो आणि रस्त्याच्या कडेला ओकलो. पुढं पांढरी धूळ सुरू झाली, झाडांची पानंही पांढरी. लांबून दगड फोडणाऱ्या क्रशरचा आवाज येत होता. मी पोचेपर्यंत तो आवाज थांबला. जेवणाच्या सुट्टीला अजून वेळ होता. आवाज थांबला तसं मला कळलं की उशीर झाला.

क्रशरच्या पायथ्याशी तीसचाळीस मजूर गोल करून उभे होते. कोणी पुढं जात नव्हतं. मधे दौलत मुकादम गुडघ्यांवर होता. तो खाली खाणीत होता, वर येईस्तोवर कवडू वाट बघत थांबला होता, हे मला नंतर कळलं. पांढऱ्या मिशांचा, वाळका म्हातारा माणूस. डावा हात कोपराखाली भलत्याच दिशेला लोंबत होता, कातडीतून हाड बाहेर आलं होतं. कानातून रक्ताची धार धुळीत उतरत होती. कवडू त्याच्यासमोर टॉमी धरून उभा होता. त्याच्या सदऱ्यावर रक्त होतं, ते त्याचं नव्हतं.

"मी नव्हतो रे पोरा," दौलत म्हणत होता. "नातवाची शपथ. मी नव्हतो."

बाजूला टिनाच्या ऑफिसच्या सावलीत नथ्थू स्टुलावर बसला होता. बाळ्या त्याच्याजवळ पोचला होता.

"कवडू," नथ्थू म्हणाला, अगदी शांत, "मी तं नुसता उभा होतो. यानं सांगतलं मनून उभा होतो. घाव यानंच घातला. मी कोर्टात बी हेच सांगनार होतो."

कवडूनं टॉमी वर नेली.

"कवडूभाऊ, जबाबातला मुकादम तो नाही," मी ओरडलो. आवाज फाटला. मी सायकल टाकली आणि मजुरांना ढकलत आत घुसलो. "चूक माझी आहे. ती खूण माझ्या हातून पडली. जबाबात ती नाही."

टॉमी हवेतच राहिली. कवडूनं माझ्याकडे बघितलं, ओळख नसल्यासारखं.

"तुमीच दाखवलं," तो म्हणाला.

"चुकीचं दाखवलं. मुकादम नथ्थू हा एकच माणूस आहे. मुकादम नथ्थू आणि बाळ्या. दोघंच होते."

"बाईनं मान हालवली. दोन डाव."

"तुम्ही काय विचारलं तिला?"

"मुकादम होता का, असं विचारलं."

"दौलतचं नाव घेतलं का?"

त्यानं काही म्हणायच्या आत नथ्थू स्टुलावरून उठला. "बाबूचं डोकं ठिकानावर नाई," तो म्हणाला. "हात सुजला हाय, ताप चढला असंन. बाळ्या, घे त्याले बाजूले."

बाळ्यानं मागून माझ्या मानेवर बुक्की मारली. मी तोंडावर पडलो, ओठ फुटला, तोंडात चुन्याची धूळ आणि रक्त. त्यानं बरगडीत लाथ घातली, मग दुसरी. मी दौलतच्या बाजूला पडलो होतो. तिथूनच बोललो.

"कवडूभाऊ, एकच सांगा. तुमची बहीण दौलतला काय म्हणते? हाक कशी मारते?"

बाळ्यानं बांधलेल्या हातावर पाय दिला. माझ्या डोळ्यांपुढं काळोख आला, पण कान चालू होते. मला कवडूचा श्वास ऐकू येत होता.

"मामा," कवडू म्हणाला.

त्यानं दौलतकडे बघितलं.

"दौलतमामा मनते," तो सावकाश म्हणाला. "लहानपनापासून. कदीच मुकादम मनत नाई. बाई त्याले मुकादम काहून मनंन?"

मजुरांतली एक बाई, मी तिला तेव्हा पाहिली, डोक्यावर टोपलीची चुंबळ तशीच होती, ती म्हणाली, "आमी समदे यालेच मुकादम मनतो ना, कवडू. मुकादम नथ्थू. धाकानं मनतो." आणि तिनं नथ्थूकडे बोट दाखवलं.

नथ्थू पळाला नाही, हे सांगायला हवं. त्यानं स्टूल उचललं. त्याला वाटलं असेल की इतकी वर्षं जो धाक चालला तो अजून एक मिनिट चालेल. कवडूचा पहिला घाव स्टुलावर बसला आणि स्टूल मोडलं. दुसरा खांद्यावर. नथ्थू खाली बसला, हात वर केला आणि म्हणाला, "कवडू, ऐक." कवडूनं ऐकलं नाही. तिसरा घाव डोक्यात बसला. कच्चा नारळ फुटावा तसा आवाज. त्यानंतरचे किती ते मी मोजले नाहीत. कोर्टात डॉक्टरांनी सात सांगितले. नथ्थूचे पाय धुळीत घासत राहिले आणि मग थांबले.

बाळ्या मोटारसायकल तशीच टाकून डोंगराकडे पळाला. दोन दिवसांनी स्टेशनवर सापडला.

कवडू माझ्याजवळ येऊन खाली बसला. टॉमी त्यानं मांडीवर आडवी ठेवली. दौलतनं उजव्या हातानं त्याच्या पाठीला हात लावला. कवडूनं त्या म्हाताऱ्याच्या लोंबत्या हाताकडे बघितलं आणि हुंदका दिला, एकच. मग डोक्याचा रुमाल सोडून तो हात बांधायला लागला. पोलीस येईस्तोवर तो तेच करत होता.

पुढचं कागदोपत्री आहे. दौलतचा हात कोपरापासून काढावा लागला. कौसाबाईला वर्षभरानं वाचा आली. अडखळत, पण आली. बाळ्याच्या खटल्यात तिनं पिंजऱ्यात उभं राहून सांगितलं, "मुकादम नथ्थू आन् बाळ्या. दोघं." बाळ्याला जन्मठेप झाली. कवडूलाही जन्मठेप झाली. त्याच्या खटल्यात मी साक्षीदार होतो. खाणीवर काय पाहिलं ते सगळं सांगितलं, नथ्थूनं आधी चिथावलं तेही सांगितलं. भाषांतरात चूक माझी, हेही कबूल केलं. वकिलानं विचारलं, "चूक तुम्हाला कधी कळली?" मी सोमवारच सांगितला. घाबरून गप्प राहिलो म्हणालो आणि बोटं दाखवली. न्यायाधीशांनी मान हलवली. कोर्टातल्या लोकांनी मला बिचारा म्हटलं. गुरुवारी अकरा वाजता कवडू माझ्यासमोर उभा होता, हे मला कोणी विचारलं नाही. कवडूनंही सांगितलं नाही. तो पिंजऱ्यातून एकदा माझ्याकडे बघून मान खाली घालून उभा राहिला.

एक्क्याण्णव साली कौसाबाई शेडखाली आली. मी तिला आधी ओळखलं नाही. कपाळापासून कानामागं गेलेला व्रण पदराखाली दिसला, तेव्हा ओळखलं. ती बाकावर बसली.

"आसुटकर बाबू तुमीच?"

"हो, बाई."

"भावाची पॅरोलची सुट्टी जेलवाल्यानं नाकारली. वरच्या कोर्टात अर्ज द्यायचा हाय. इंग्रजीत लागते मनते."

"मी करून देतो. तुम्ही सांगा."

ती लगेच सांगायला लागली नाही. शब्द जुळवायला तिला वेळ लागायचा, त्यामुळं मी थांबलो.

"एक विचारायचं हाय," ती म्हणाली. "त्या दिवशी खानीवर जायच्या आंधी कवडू तुमच्याकडं आला होता. मले भेटून तो इथंच आला. मले मनला होता, जातो बाबूले सांगून येतो. आला होता ना?"

पाच वर्षांत कोणी न विचारलेला प्रश्न होता तो.

"आला होता," मी म्हणालो.

"तवा तुमाले माईत होतं?"

"माहीत होतं."

"मंग?"

"मी बोललो नाही."

तिनं माझ्या हाताकडे बघितलं. दोन बोटं वाकडीच जुळली होती, टाइप करताना ती वर उभी राहायची. तिनं पाहिलं ते मला कळलं. पण ती त्याबद्दल काही बोलली नाही.

"लिवा," ती म्हणाली.

मी मशीनमध्ये कागद घातला. ती एकेक वाक्य सांगत होती, मधे थांबत होती. कवडूची आई आजारी आहे. घरी दुसरं कोणी पुरुषमाणूस नाही. पाच वर्षांत तुरुंगात त्याची एकही तक्रार नाही. दौलत पिंपळशेंडे जामीन राहायला तयार आहे. मी टाइप केलं, दोनदा तपासलं, एकेका खुणेवर बोट ठेवून तपासलं. मग कागद काढून तिला दिला.

तिनं तो दोन्ही हातांनी धरला, वरपासून खालपर्यंत बघितला. तिला वाचता येत नव्हतं. ती उठली आणि शेडच्या दुसऱ्या टोकाला बसणाऱ्या माणसाकडे गेली.

"भाऊ," ती त्याला म्हणाली, "यात काय लिवलं हाय ते मले मराठीत सांगा. सारं सांगा."

तो माझ्याकडे बघून अवघडला. मी मान हलवली. त्यानं चष्मा लावला आणि मोठ्यानं सांगायला सुरुवात केली. ती उभ्या उभ्या ऐकत होती. माझ्या मशीनसमोर दुसरा माणूस येऊन बसला होता, मी त्याला थांबायला सांगितलं, आणि तिकडं ते सांगून संपेपर्यंत हात मांडीवर ठेवून बसून राहिलो.